दोन रकान्यांमधला मधुमेह

मंडळी, आपल्या सोलापूर जिल्ह्यानं १८७६-७८ चा दुष्काळ सोसला, १९७२ चाही सोसला. तेव्हा अर्धपोटी वाढलेल्या शरीराच्या एका आजाराचा इतिहास आपण आज पाहू.

मधुमेहाचे दोन प्रकार आपल्याला माहीत असतात. पहिल्यात शरीर इन्सुलिन बनवायचं जवळजवळ थांबवतं. रोगी बहुधा तरुण आणि बारीक असतो. इन्सुलिन चुकलं की रक्तात कीटोन साचून जिवावर बेततं. दुसऱ्यात इन्सुलिन असतं, पण पुरेसं काम करत नाही. रोगी बहुधा मध्यमवयीन, पोट सुटलेला. आता समजा, विशीतला, लहानपणापासून उपासमार काढलेला, हाडं दिसणारा माणूस आला. साखर भरमसाट. अंगकाठी पहिल्या प्रकारची. पण इन्सुलिन नसतानाही कीटोन सहसा साचत नाहीत, म्हणजे हे लक्षण दुसऱ्याचं. याला घालायचं कुठं?

हा नुसता कागदावरचा प्रश्न नाही, बरं का. पहिला प्रकार समजून इन्सुलिनचा मोठा डोस दिला आणि घरात अन्न नसलं, तर साखर एकदम उतरून माणूस दगावू शकतो. दुसरा समजलो, तर सल्ला मिळणार, ‘कमी खा’. तोही उपाशी माणसाला!

१९५५ मध्ये ह्यू-जोन्स यांनी जमैकात असे रुग्ण नोंदवले. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कुपोषणाशी निगडित मधुमेह हा स्वतंत्र वर्ग मानला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढून टाकला. वर्ग गेला, रोगी राहिलेच. २०२२ मध्ये वेल्लोरच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. यांच्यात इन्सुलिन फार कमी स्रवतं, पण शरीर त्याला दाद देतं, असं त्यात दिसलं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं बँकॉकला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. तज्ज्ञांचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

नुसत्या अंगकाठीवरूनही निवाडा होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की आपल्याकडची बाळं वजनानं कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबी त्या मानानं टिकून असते.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथं चरकसंहिता आठवते. तिथला प्रमेह म्हणजे तंतोतंत आजचा मधुमेह नव्हे. पण प्रमेहाचा एक रोगी स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बळ, आणि कृशाला आधी पोसावं, असं तिथं सांगितलंय. शिवाय रोगाचं नाव सांगता आलं नाही म्हणून वैद्यानं लाजू नये, कारण सगळ्या विकारांना ठरलेली नावं नसतात, असंही म्हटलंय.

नाव ठरेल तेव्हा ठरो. तोवर अशा रोग्याला, घरी दोन वेळ जेवायला मिळतं का, हे आधी विचारायला हवं.