साखळीची वाढ आणि दीड मीटरची चूक

स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोजणीच्या सरावाला मैदानात उतरले, की आपण पाहतो : उन्हात साखळी ताणायची, सळया रोवायच्या, मोजलेले पुन्हा मोजायचे. एवढा काटेकोरपणा कशासाठी?

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा १०० फुटी पोलादी साखळीने मोजली. अशी साखळी १० अंश सेल्सियसने तापली, तर जेमतेम साडेतीन मिलिमीटर वाढते. पण ती ४०० वेळा मांडली, की चूक जवळजवळ दीड मीटर होते! पुढचे सारे त्रिकोण तर याच रेषेवर उभे राहणार होते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तापमापकाने तिचे तापमान घेतले जाई.

आपणही विद्यार्थ्यांना उत्तराबरोबर त्यातली संभाव्य चूक विचारू या.