निम्मे करत मोजणारे यंत्र

१९०९ साली मँचेस्टरच्या विद्यापीठात हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून ठिणग्या मोजत असत. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण आदळला की बारीकसा प्रकाश चमके. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो टिपायचा, डोळे थकले की उठायचे. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून सुमारे ८,००० कणांतला एखादा उलट फिरतो, हे या मोजणीतून कळले आणि त्याच्या आधारावर रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या केंद्रकाची कल्पना मांडली. एवढा मोठा शोध, आणि तो माणसाच्या पापणीवर अवलंबून!

पुढे, १९२८ मध्ये गायगर-म्यूलर नळी आली. कण आला की विजेचा एक स्पंद, म्हणजे पल्स, मिळू लागला. डोळ्यांची सुटका झाली, पण अडचण सरली नाही. स्पंद मोजायला दात्यांचे चाक असलेला यांत्रिक गणक होता. चाक एक दाता पुढे सरकेपर्यंत दुसरा स्पंद आला तर तो हरवे. हरवलेला स्पंद मागे खूण ठेवत नाही. उत्तर चुकलेले असते, तरी ते बरोबरच दिसते.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चार्ल्स एरिल विन-विल्यम्स या वेल्श भौतिकशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये यावर तोड काढली. त्याने थायरॅट्रॉन नळ्यांची जोडी घेतली. पहिल्या स्पंदाने एक नळी चालू होई, दुसऱ्याने ती बंद पडून दुसरी चालू होई आणि तेव्हाच एक स्पंद पुढच्या जोडीकडे जाई. म्हणजे प्रत्येक जोडी स्पंदांची संख्या निम्मी करी. अशा पाच जोड्या लावल्या की ३२ स्पंदांमागे एकच शेवटच्या चाकापर्यंत पोहोचे. धावपळ नळ्यांनी करायची, चाकाने सावकाश नोंद ठेवायची. अधेमधे उरलेले स्पंद कोणत्या नळ्या चालू आहेत त्यावरून समजत. महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्लेचली पार्कच्या ‘हीथ रॉबिन्सन’ या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या यंत्राचे गणकही त्यानेच तयार केले.

आता थेट १९८० कडे येऊ. इंटेलने ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. आपल्याकडच्या पदविका आणि अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या त्याच्यावरच शिकल्या. यात दोन टायमर आहेत. आतल्या घड्याळाऐवजी बाहेरचे स्पंद जोडले की तेच काउंटर होतात. चाक फिरताना सेन्सरकडून येणारे स्पंद १४ क्रमांकाच्या पिनवर द्यायचे. पिनवरची पातळी १ वरून ० वर आली की आकडा एकाने वाढतो. प्रोग्रॅमने स्वतः पिनकडे टक लावून बसायची गरज नाही. तो पडद्यावर अक्षरे उमटवत असला तरी मोजणी चालूच राहते.

हा काउंटर १६ बिटांचा, म्हणजे १६ निम्मे करणाऱ्या पायऱ्यांचा. ६५,५३५ नंतर तो शून्यावर येतो आणि एक झेंडा वर करतो. त्या इशाऱ्यावर प्रोग्रॅम आपल्या वहीत एक रेघ ओढतो. विन-विल्यम्सच्या यांत्रिक चाकाची जागा इथे प्रोग्रॅमने घेतली, एवढाच फरक.

मर्यादा इथेही आहेतच. १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर ८०५१ सेकंदाला जास्तीत जास्त ५ लाख स्पंद ओळखू शकतो. शिवाय हा आकडा आठ-आठ बिटांच्या दोन भागांत वाचावा लागतो. समजा, आकडा २५५ आहे. वरचा भाग वाचला, तो शून्य. तेवढ्यात एक स्पंद आला, आकडा २५६ झाला. आता खालचा भाग वाचला, तोही शून्य! २५५ च्या जागी हाती भोपळा. म्हणून जाणकार वरचा भाग पुन्हा एकदा वाचतात आणि तो बदललेला दिसला, तर दोन्ही भाग नव्याने वाचतात.