भेटींचे दप्तर

मालगुजारीच्या अमदानीत पटवाऱ्याचा बस्ता गावातच वावरत असे, त्यामुळे एखादी नोंद चुकली तरी ती कोणी चुकवली हे गावाला ठाऊक असे. संकेतस्थळांच्या हिशेबाचा आरंभही अशाच घरच्या दप्तराने झाला, हे आज नागपूरच्या बेसा मार्गावरील लेआउटच्या जाहिराती चालविणाऱ्या तरुणांना आख्यायिकेसारखे वाटते. सर्व्हर स्वतःच रोजकीर्द लिही: एकेका ओळीत मागणाऱ्याचा आकडी पत्ता, वेळ, मागितलेले पान आणि ते नसल्यास ४०४ हा शेरा. तिची खतावणी करण्यासाठी केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांनी १९९५ साली ‘अ‍ॅनालॉग’ हे साधन विनामूल्य दिले. पानावर दहा चित्रे असली की एका वाचकाच्या अकरा ‘हिट’ होत, आणि हिटांची बढाई मारणारे हे सोयिस्करपणे विसरत.

त्या विस्मृतीचा प्रसाद मलाही मिळाला. माझ्याकडे कारभार असलेल्या एका लहानशा संकेतस्थळाचे रंगीत तक्ते एक विक्रेता दरमहा पाठवी; शंका येऊन रोजकीर्द उघडली, तो निम्म्याहून अधिक भेटी शोधयंत्रांच्या बॉटच्या निघाल्या. त्याला विचारले, तर म्हणाला, “आकडा तर वाढला ना जी!”

पुढे पानातच जावास्क्रिप्टचा तुकडा पेरण्याची रीत रूढ झाली. वाचकाच्या ब्राउझरकडून वर्दी थेट विक्रेत्याच्या सर्व्हरवर जाऊ लागली आणि दप्तराने मालकाचे घर सोडले. सॅन दिएगोची अर्चिन ही कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली, आणि जे दाम मोजून मिळे ते त्याच नोव्हेंबरात ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ या नावाने फुकट देऊ करताच अशी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. फुकटाच्या दप्तरावर मात्र वहिवाट सांगता येत नाही. १ जुलै २०२३ पासून सर्वसाधारण खात्यांत ‘युनिव्हर्सल’ आवृत्तीची नोंद थांबली, वर्षभराने जुने हिशेब पाहण्याची वाटही बंद झाली, आणि ज्यांनी नकला करून ठेवल्या नव्हत्या त्यांचे सारे दप्तर बुडाले. २००७ साली ‘पिविक’ म्हणून निघालेले ‘मॅटोमो’ आपल्याच सर्व्हरवर बसवता येते. त्याची निगराणी जिकिरीची आहे खरी, पण बस्ता घरी राहतो.

मौजा बेसा येथील एखाद्या भूखंडाची जाहिरात मोबाईलवर उघडून वाचकांनी पत्त्याच्या शेपटाकडे पाहावे. तेथे पुष्कळदा ‘यूटीएम’ ही अक्षरे आढळतात; त्यांतला ‘यू’ अर्चिनचा आहे.