तीन तारांची साक्ष : दूरस्थ कर्नेल डीबगिंगचा इतिहास

१/
संगणक गोठला, तर त्याला काय झाले हे विचारायचे कोणाला? पडद्यावर अक्षर उमटवणे, कळफलक वाचणे, फाइल लिहिणे ही सारी कामे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, करवून घेतो. आजारी स्वतः कर्नेलच असेल, तर साक्ष देणारा आणि कोसळलेला एकच ठरतो. या पेचावर निघालेल्या एका साध्या उपायाचा हा इतिहास आहे : दोन संगणक आणि त्यांच्यामध्ये तीन तारा.

२/
सामान्य प्रोग्रॅममधील चूक शोधणे तुलनेने सोपे असते. डीबगर नावाचा दुसरा प्रोग्रॅम त्याला मध्येच थांबवतो, त्याची स्मृती तपासतो आणि पुन्हा चालू करतो. या दोघांनाही कर्नेलचा आधार असतो. कर्नेलला थांबवले, तर त्याच्या जिवावर चालणारा डीबगरही थांबतो. ज्या फांदीवर बसायचे, तीच तोडण्यासारखा हा प्रकार.

३/
डीबगर ही कल्पना जुनी आहे. पीडीपी-१ या संगणकासाठी एमआयटीमध्ये १९६१ च्या सुमारास ‘डीडीटी’ नावाचा डीबगर तयार झाला. कीटकनाशकाचे नाव मुद्दाम घेतलेले, कारण प्रोग्रॅममधील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रूढी तेव्हा पडलेली होती. पण हा डीबगर त्याच यंत्राच्या स्मृतीत राहत असे. यंत्राची स्मृतीच विस्कटली, तर तोही तिच्याबरोबर जाई.

४/
उपाय उघड होता : डीबगरचा मोठा भाग दुसऱ्या, निरोगी यंत्रावर ठेवायचा आणि आजारी यंत्रात त्याचा एक लहानसा हस्तक तेवढा बसवायचा. मात्र दोघांमधील दुवा असा हवा, की तो चालवण्यासाठी कोसळत्या कर्नेलकडून जवळजवळ काहीही मागावे लागू नये. असा दुवा नव्याने शोधावा लागला नाही. तो तारायंत्राच्या काळापासून तयार होता.

५/
फ्रान्सच्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये आपल्या तारयंत्रणेचे पेटंट घेतले. तिच्यात प्रत्येक अक्षर पाच समान खुणांनी दर्शवले जाई. ‘बॉड’ हे वेगाचे एकक त्यांच्याच नावावरून आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत टेलिप्रिंटरसाठी प्रत्येक अक्षराच्या आधी ‘आरंभ’ आणि शेवटी ‘विराम’ अशी खूण जोडण्याची पद्धत रुजली. त्यामुळे दोन टोकांची घड्याळे सतत जुळवत बसण्याची गरज उरली नाही. प्रत्येक अक्षर आपल्यापुरते मोजमाप नव्याने सुरू करू लागले.

६/
१९६३ मध्ये आलेला टेलिटाइप मॉडेल ३३ हा या परंपरेचा प्रसिद्ध वारस. त्याचा वेग ११० बॉड. एका अक्षरासाठी ११ खुणा लागत, म्हणजे सेकंदाला १० अक्षरे. युनिक्समध्ये आजही टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात. ते या टेलिटाइपचेच संक्षिप्त रूप. यंत्र कालबाह्य झाले, नाव मात्र प्रत्येक लिनक्स संगणकात शिल्लक आहे.

७/
१९६० मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने आरएस-२३२ हे मानक जाहीर केले. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘एक’ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’. हे मानक दोन संगणक जोडण्यासाठी केलेलेच नव्हते. त्यात एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला मोडेम गृहीत धरला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या अनेक फसगतींचे मूळ तिच्यात आहे.

८/
१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये सीरियल पोर्टचे काम ८२५० ही चिप करत असे. तिचे घड्याळ सेकंदाला १८,४३,२०० ठोक्यांचे. त्याला १६ ने भागले की १,१५,२०० येतात. आज जगभर डीबगिंगच्या सूचनांत दिसणारा हा विचित्र आकडा म्हणजे त्या चिपच्या कुटुंबाने मागे ठेवलेली कमाल वेगमर्यादा आहे.

९/
या चिपचा खरा गुण वेग नव्हे, साधेपणा. एक बाइट पाठवण्यासाठी प्रोसेसरने दोनच गोष्टी करायच्या : पाठवण्याची जागा रिकामी झाली का ते पाहायचे, आणि रिकामी असेल तर तेथे बाइट ठेवायचा. त्यासाठी स्मृतीची नवी मागणी नको, इंटरप्ट नको, झोपलेल्या कोणत्याही प्रक्रियेला जागे करणे नको. कर्नेलचा बाकी सारा डोलारा कोसळला, तरी या दोन कृती बहुधा शक्य असतात. मरणोन्मुख यंत्राला एवढेच बळ पुरते.

१०/
तारेवर बोलायची भाषाही ठरवावी लागली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डीबगर लिहिला. हेवलेट-पॅकार्डच्या लेक स्टीव्हन्स उपकरण विभागातील ग्लेन एंजेल यांनी दूरच्या यंत्रात बसणारा त्याचा छोटा हस्तक लिहिला आणि कंपनीने तो सर्वांसाठी खुला केला. सिग्नस सपोर्टच्या जिम किंग्डन यांनी तो इंटेल ३८६ साठी बदलून घेतला.

११/
या भाषेची काटकसर पाहण्यासारखी आहे. प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, मग मजकूर, मग हॅशचे चिन्ह आणि शेवटी बेरजेचा दोन अंकी ताळा. ‘सर्व रजिस्टरे सांग’ ही आज्ञा म्हणजे इंग्रजी ‘जी’ हे एकच अक्षर. ताळा जुळला तर समोरून अधिक चिन्ह येते. न जुळल्यास उणे चिन्ह येते आणि निरोप पुन्हा पाठवला जातो. तार खराब असू शकते, हे गृहीत धरूनच ही भाषा घडवली आहे.

१२/
एवढे सोपे असूनही ही जोडणी पहिल्याच प्रयत्नात क्वचित जुळते. गंमत अशी, की तिच्यातील प्रत्येक बिघाड एका विशिष्ट कालखंडातून आलेला असतो. दोष शोधणे म्हणजे येथे अक्षरशः इतिहासाचे थर उकलणे.

१३/
पहिला बिघाड, संपूर्ण शांतता : हा १९६० चा. दोन्ही संगणक स्वतःला ‘टर्मिनल’ समजतात, त्यामुळे दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या एकाच तारेवर कान देतात. उपाय म्हणजे ‘नल मोडेम’ केबल. नऊ पिनांच्या जोडणीत २ आणि ३ या पिनांच्या तारा उलटसुलट करायच्या आणि ५ क्रमांकाची जमिनीची तार सरळ ठेवायची. तीन तारा म्हणतात त्या ह्याच. बाहेरून ही केबल साध्या केबलसारखीच दिसते. म्हणून जाणकार आधी एकाच टोकाच्या २ आणि ३ या पिना जोडतात आणि आपलेच अक्षर परत येते का ते पाहतात. आले, तर त्या टोकाचा पोर्ट ठीक आहे. शोध पुढे केबलकडे न्यायचा.

१४/
दुसरा बिघाड, निरर्थक अक्षरे : हा टेलिप्रिंटरच्या युगातला. दोन्ही टोकांचे घड्याळ केवळ आरंभखुणेपाशी जुळते. पुढच्या आठ-नऊ खुणा अंदाजाने मोजायच्या असतात. दोहोंच्या वेगात थोड्या टक्क्यांचा फरक खपतो. एका बाजूला ९,६०० आणि दुसरीकडे १,१५,२०० असेल, तर अर्थाचा मागमूसही उरत नाही. पण कचरा दिसणे हीदेखील शुभवार्ता असते, कारण तार जिवंत आहे आणि चूक फक्त वेगाची आहे.

१५/
तिसरा बिघाड, तुटके निरोप : हा १९८१ चा. ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट मावत असे आणि १,१५,२०० च्या वेगाने नवा बाइट दर ८७ मायक्रोसेकंदांनी येऊन थडकतो. आधीचा उचलायला उशीर झाला, की तो पुसला जातो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटांची रांग होती, तेव्हा हा जाच कमी झाला. जुन्या यंत्रावर मात्र वेग उतरवणे हाच उपाय.

१६/
चौथा बिघाड फसवा असतो : जोडणी होते, उत्तरे येतात, पण दाखवलेली ओळ आणि प्रत्यक्ष कृती यांचा मेळ बसत नाही. तारेवर फक्त पत्ते आणि आकडे जातात. नावे आणि ओळी निरोगी यंत्रावरच्या चिन्हसूचीतून येतात. ती सूची वेगळ्या बांधणीच्या कर्नेलची असेल, तर जुन्या नकाशावर नवे शहर शोधण्यासारखे होते. येथे तार निर्दोष असते, खोटा असतो तो नकाशा.

१७/
आता लिनक्समधला वाद. डेव्हिड ग्रोथ आणि टिग्रान ऐवाझियान यांनी या कर्नेलसाठी केजीडीबी नावाचा हस्तक घडवला. पण लिनस टोरवाल्ड्स यांना कर्नेलच्या अधिकृत मजकुरात डीबगर नको होता. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी ही भूमिका जाहीरपणे मांडली. डीबगर हाती आला, की माणूस समोर दिसणारे लक्षण दुरुस्त करतो आणि मुळाशी जात नाही. साधन नसेल, तर मजकूर वाचून विचार करावाच लागतो. अवघडपणा त्यांना गाळणीसारखा उपयोगी वाटत होता.

१८/
ही भूमिका केवळ हेकटपणाची नव्हती. ती कारागिरीविषयीची एक निष्ठा होती. पण दुसरी बाजूही खरी होती. नव्या हार्डवेअरवर, दुसऱ्याने लिहिलेल्या ड्रायव्हरमुळे कर्नेल आठवड्यातून एकदाच गोठत असेल, तर नुसत्या चिंतनाने किती उलगडणार? विंडोज एनटीच्या जगात दोन यंत्रे आणि नल मोडेम केबल हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा रोजचा संसार होता. लिनक्सवाल्यांना तोच मार्ग अधिकृत दाराबाहेरून घ्यावा लागत होता.

१९/
दाराबाहेरच्या या वाटेवर महाराष्ट्राचेही पाऊल आहे. अमित काळे यांनी या काळात केजीडीबी सांभाळले आणि पुण्याच्या लिनसिसॉफ्ट टेक्नॉलॉजीजने त्यावर काम केले. कर्नेलची नवी आवृत्ती आली, की बाहेर ठेवलेला प्रत्येक तुकडा तिच्याशी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. मान्यता नसताना केलेली ही डागडुजी नजरेत भरत नाही, पण तिच्यावाचून साधन मरते. काळे यांचे आणि या कंपनीचे नाव कर्नेलच्या मजकुरात, केजीडीबीच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर नोंदलेले आहे.

२०/
अँड्र्यू मॉर्टन यांनी केजीडीबीला आपल्या स्वतंत्र प्रायोगिक शाखेत जागा दिली होती. अखेर २००८ मध्ये जेसन वेसल आणि इंगो मोल्नार यांच्या प्रयत्नांतून काटछाट केलेली आवृत्ती पुढे आली आणि जुलै २००८ च्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी अधिकृतपणे दाखल झाले. जाहीर नकारानंतर जवळजवळ आठ वर्षांनी दार उघडले. आत आला तो मात्र अंग आटोपशीर करून.

२१/
दैवयोग असा, की दार उघडले तेव्हा उंबरठाच नाहीसा होत चालला होता. लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट गायब होत होते. यूएसबीला जोडायचा सीरियल अडॅप्टर निरोगी यंत्रावर उत्तम चालतो. आजारी यंत्रावर मात्र सहसा निरुपयोगी ठरतो, कारण त्याला चालवायला यूएसबीची सारी यंत्रणा, पर्यायाने धडधाकट कर्नेल लागतो. ज्याची तपासणी करायची, त्याच्याच खांद्यावर बसून ती होत नाही.

२२/
पर्याय निघाले. विंडोजमध्ये फायरवायर आणि यूएसबी २.० च्या खास डीबग पोर्टची सोय झाली. २०१२ च्या विंडोज ८ पासून नेटवर्क केबलवरूनही कर्नेल डीबगिंग होऊ लागले. वेगाचा फायदा मोठा. सीरियल तारेवरून १,१५,२०० च्या वेगाने सेकंदाला फार तर ११,५२० बाइट जातात. १ जीबी स्मृती त्या वाटेने आणायची, तर सुमारे २६ तास लागतील. पण प्रत्येक वेगवान वाटेला आजारी यंत्राकडून अधिक शहाणपणाची अपेक्षा असते, आणि विशिष्ट हार्डवेअरचीही.

२३/
म्हणून जुनी तार संपली नाही, तिने रूप बदलले. आभासी यंत्रांत ती प्रत्यक्ष तांबे नसलेला सीरियल पोर्ट झाली. डेटा सेंटरमधील सर्व्हरवर ती नेटवर्कच्या अंगावरून धावू लागली. रास्पबेरी पायसारख्या लहान पाटीवर ती उघड्या पिनांच्या रूपात दिसते. तेथे व्होल्टेज केवळ ३.३ असते. आरएस-२३२ ची जुनी केबल थेट लावली, तर चिप जळू शकते. इतिहासाचे थर येथेही नीट ओळखावे लागतात.

२४/
तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा वेगाचा आणि क्षमतेचा म्हणून वाचतो. सीरियल तारेची कथा उलट दिशेने जाते. ती टिकली, कारण तिने समोरच्याकडून सर्वांत कमी मागितले. भरभराटीत हजार वाटा उपलब्ध असतात. सारे कोसळल्यावर कोणती वाट उघडी राहते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बोदो यांच्या काळापासून फारसे बदललेले नाही : एका वेळी एक खूण, एका मागोमाग एक.