पडद्यावरचा इतिहास



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला, त्या वेळी इतिहास ऐकावयाचा तर माणसाला अंगरखा-पागोटे चढवून सभास्थानी जावे लागे. आता ती तसदी उरलेली नाही. इतिहास आपण होऊन घरी येतो, बैठकीच्या खोलीत ठाण मांडतो, आणि आपण जेवायला उठलो तरी त्याचे बोलणे थांबत नाही. रात्रंदिवस इतिहासच सांगण्याचे व्रत घेतलेल्या चित्रवाणी-वाहिन्या निघाल्या आणि त्यांतली एक मराठीतूनही बोलू लागली. ज्या महाराष्ट्राने कागदपत्रांच्या एकेका रुमालासाठी गावोगाव पायपीट करणारे राजवाडे पाहिले, त्या महाराष्ट्राने या नव्या पुराणिकाची पारख करून घ्यावयास हवी. सांगवीच्या या व्यासपीठावर आज तोच विषय मी घेतला आहे. तो घेताना पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जाण्याचेही कारण पडणार नाही. पवनेचा पूल ओलांडला की पुरे. पण तेथे आपण शेवटी जाऊ.

या वाहिनीचा उगम अमेरिकेत झाला. १ जानेवारी १९९५ रोजी ‘द हिस्टरी चॅनल’ या नावाने ती सुरू झाली. पहिली काही वर्षे तिच्यावर दुसऱ्या महायुद्धाचे कार्यक्रम इतके लागत, की तिकडचे टवाळ लोक तिला हिटलरचीच वाहिनी म्हणू लागले. या महायुद्धप्रेमाच्या मुळाशी एक अगदी व्यावहारिक गोष्ट होती. त्या युद्धात प्रत्येक मोठ्या सैन्याबरोबर छायाचित्रकार हिंडले. मैलोन् मैल चित्रफीत तयार झाली, आणि अमेरिकन सरकारने काढलेली फीत तर कोणालाही स्वामित्वाचा पैसा न देता वापरता येई. वाहिनीला दिवसाचे चोवीस तास भरून काढावयाचे असतात, आणि पडदा क्षणभरही रिकामा ठेवता येत नाही. पुस्तकात ‘येथे साधने मिळत नाहीत’ असे एक वाक्य लिहून लेखक पुढे जाऊ शकतो. चित्रवाणीवर त्या वाक्यालासुद्धा चित्र लागते! तेव्हा ज्याची फीत आहे त्याचा इतिहास आधी, असा नियम कोणी न करताच होऊन बसला.

हा नियम आपल्याला लावून पाहा. ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली. (मौज अशी, की पुढे १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेही ७ जुलैलाच. एकाच तारखेला चित्राचा आणि कागदाचा, असे दोन्ही जन्म!) म्हणजे १८९६ च्या अलीकडचा जो काळ, तेवढ्याचीच फीत मिळण्याचा संभव. शिवछत्रपती, संताजी-धनाजी, थोरले माधवराव, नाना फडणीस, झाशीची राणी ही सारी मंडळी त्या रेषेच्या पलीकडे राहिली. त्यांना पडद्यावर आणावयाचे तर नट उभा करावा लागतो, त्याला दाढी लावावी लागते, आणि दाढी लावलेला माणूस गप्प कसा राहील? त्याच्या तोंडी वाक्ये घालावी लागतात. येथे इतिहासकाराचे काम संपते आणि नाटककाराचे सुरू होते. पाहणाऱ्याला मात्र हा सांधा दिसत नाही.

फितींचा साठा आणि प्रेक्षकांचा उत्साह आटला म्हणजे काय होते, हेही त्या वाहिनीने दाखवून दिले. २००८ साली तिने आपल्या नावातून ‘चॅनल’ हा शब्द गाळला आणि नुसते ‘हिस्टरी’ ठेवले. २००९ मध्ये तिच्यावर लास व्हेगासमधील एका गहाणवटीच्या दुकानाची मालिका आली आणि ती अफाट लोकप्रिय झाली. लोक जुनी बंदूक, नाणे, पत्र घेऊन येतात, दुकानदार घासाघीस करतो, आणि मधल्या दोन मिनिटांत त्या वस्तूचा इतिहास सांगितला जातो. मला ही मालिका वाटते तितकी टाकाऊ वाटत नाही. निदान तीत वस्तू खरी की खोटी, हा प्रश्न तरी दर वेळी विचारला जातो, आणि तज्ज्ञाला बोलावून त्याचे उत्तर घेतले जाते. याच्या उलट २०१० पासून चाललेली परग्रहवासीयांची मालिका. पिरॅमिड बांधले कोणी, कोरीव लेणी खोदली कोणी, तर आकाशातून उतरलेल्यांनी, असे तिचे सूचन असते. ज्या हातांनी वेरूळचा अख्खा डोंगर वरून खाली फोडीत कैलास कोरला, त्या हातांचे श्रेय अशा रीतीने एका झटक्यात काढून घेतले जाते. आणि हे सारे ‘असे असू शकेल काय?’ अशा प्रश्नार्थक वाक्यात, म्हणजे पुराव्याची जबाबदारी नको!

हिंदुस्थानात या वाहिनीची कथा अधिकच बोलकी आहे. २००३ साली ती स्टार समूहामार्फत येथे आली. २००८ मध्ये भागीदारी बदलून तिच्या जागी ‘फॉक्स हिस्टरी अँड एंटरटेनमेंट’ आली. इतिहासाला करमणुकीचा टेकू लागला. मग ‘हिस्टरी अँड ट्रॅव्हलर’ झाले. करमणूक गेली, प्रवास आला. पुढे उरले ते ‘फॉक्स ट्रॅव्हलर’. इतिहास पाटीवरूनच उतरला! २०११ च्या ऑक्टोबरात मूळच्या अमेरिकन कंपनीने नवा भागीदार धरून ‘हिस्टरी टीव्ही१८’ सुरू केली, आणि हिंदी, तमिळ, तेलुगू, बंगालीबरोबर मराठीचीही सोय केली. मराठी ऐकू येऊ लागली हे खरे. परंतु जीभ मराठी आणि गोष्ट परक्या गावची, असेच तिचे पुष्कळसे स्वरूप राहिले.

मग मराठी माणसाचा स्वतःचा इतिहास चित्रवाणीवर गेला कोठे? तो गेला मालिकांत. दूरदर्शनच्या काळी श्याम बेनेगलांनी नेहरूंच्या ग्रंथावरून १९८८ मध्ये ‘भारत एक खोज’चे त्रेपन्न भाग केले, त्यात निदान निवेदक मधून मधून थांबून विचार करीत असे. मराठीत रणजित देसाईंच्या कादंबरीवरून ‘स्वामी’ आली आणि माधवराव-रमाबाई घरोघर पोहोचले. पण ती कादंबरी होती, हे किती प्रेक्षकांच्या ध्यानात राहिले? १९९० मध्ये टिपू सुलतानवरील हिंदी मालिका अशीच कादंबरीवर बेतलेली होती. वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना प्रक्षेपणाबरोबर द्यावी लागली. तेव्हापासून ती सूचना आपल्या परिचयाची झाली आहे. बारीक अक्षरांत येते, झरकन जाते, आणि तेवढ्यात चहा ओतून घेता येतो.

एवढ्यावरून मी चित्रवाणीचा शत्रू आहे असे कृपा करून समजू नका. छत्रपती संभाजीराजांचेच उदाहरण घेऊ. त्यांचे चरित्र आम्ही दीडशे वर्षे कोणाच्या तोंडून ऐकले? मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीच्या तोंडून. ही बखर संभाजीराजांच्या १६८९ मधील मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणारा ज्या चिटणीस घराण्यातला, त्याचे मूळपुरुष बाळाजी आवजी यांना संभाजीराजांच्याच आज्ञेने देहदंड झालेला. वादीने लिहिलेली कैफियत आम्ही निवाडा म्हणून वाचली! त्या बखरीवरून कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली. रंगभूमीला व्यसनी आणि तापट राजपुत्र सोयीचा वाटला, टाळ्या पडत गेल्या, आणि प्रत्येक टाळीबरोबर ते चित्र पक्के होत गेले. वा. सी. बेंद्रे यांनी अर्धे आयुष्य घालवून, पोर्तुगीज, इंग्रज, मोगल अशा साऱ्या बाजूंचे कागद पडताळून १९६० साली संभाजीराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचा ग्रंथ आला. कलंक धुतला गेला, पण तो ग्रंथालयात. घराघरांत तो धुतला जावयास २०१७ उजाडावे लागले. त्या वर्षी सुरू होऊन २०२० पर्यंत चाललेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेने जे केले, ते बेंद्र्यांच्या ग्रंथाला सत्तावन्न वर्षांत साधले नव्हते. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

परंतु या यशातच एक गोम आहे. बखर आणि नाटक यांनी जे चित्र उभे केले होते, ते लोकांनी पुराव्यावाचून स्वीकारले होते. मालिकेने जे चित्र दिले, तेही लोकांनी पुराव्यावाचूनच स्वीकारले. नवे चित्र सत्याच्या पुष्कळ जवळ आहे हे आपले भाग्य. पण स्वीकारण्याची रीत तीच राहिली. बेंद्र्यांना कोणता कागद कोठे सापडला, चिटणिसांची साक्ष त्यांनी का बाजूला ठेवली, हे त्या शेकडो भागांत प्रेक्षकाला कळले नाही. उद्या एखाद्या चतुर निर्मात्याने याच्या उलट चित्र तितक्याच झगमगाटात दाखविले, तर आमच्यापाशी त्याला विचारावयाला प्रश्न कोणता?

वस्तुतः शोधाची हकीकत मालिकेइतकीच रंगतदार असते. शिवजन्माची तिथी पाहा. पूर्वी शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा वैशाख धरला जाई. कारी गावच्या जेध्यांच्या घरी एक शकावली मिळाली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अर्थात १९ फेब्रुवारी १६३० अशी तिथी. मग परमानंदाच्या ‘शिवभारता’त तीच सापडली. मग दूर जोधपूरकडे मिळालेल्या एका कुंडलीतही तीच! तीन साक्षीदार एकमेकांना न ओळखता एकच गोष्ट सांगत होते. तरी वाद चालूच राहिला. सरकारने समिती नेमली, आणि सरकारदरबारी १९ फेब्रुवारी कायम व्हावयास २००१ साल लागले. एका तारखेसाठी पंचाऐंशी वर्षे! यात नायक आहे, उकल आहे, भांडण तर भरपूर आहे. इतिहासाला वाहिलेल्या वाहिनीने हे दाखवावे, तर एकाही नटाला दाढी लावावी लागणार नाही. शकावलीच्या पानावर कॅमेरा स्थिर ठेवावा आणि मोडी वाचणाऱ्या माणसाचे बोट हळूहळू पुढे सरकू द्यावे.

आता पूल ओलांडू. सांगवीच्या एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना. पवनेपलीकडे दापोडी, आणि तेथे या दोन नद्या एक होतात. १८१७ साली दापोडीत कॅप्टन फोर्ड याची पलटण होती. ही पलटण पेशव्यांसाठी म्हणून इंग्रजी पद्धतीने उभी केलेली, आणि तिच्यावर अंमलदार मात्र इंग्रज. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, तेव्हा ती पलटण मुळा उतरून इंग्रजांना जाऊन मिळाली. कर्नल बरची एकंदर फौज तीन हजारांच्या आत. मराठ्यांची तिच्या कितीतरी पट. बापू गोखल्यांच्या घोडदळाने चाल केली ती पुढे असलेल्या दलदलीत अडखळली, आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून हे पाहत होते. खडकी, बोपोडी, गणेशखिंड ही सारी रणभूमी आपण रोज बसमधून ओलांडतो.

या लढाईत एक गोष्ट अशी आहे, की तिच्यावर कोणताही मालिकाकार झडप घालील. पेशव्यांचे कारभारी मोरोपंत दीक्षित आणि कॅप्टन फोर्ड यांचा स्नेह होता. युद्ध अटळ दिसू लागले तेव्हा दोघांत असे ठरले, की जो वाचेल त्याने पडणाऱ्याच्या मुलामाणसांचा सांभाळ करावा. लढाईत मोरोपंत फोर्डच्या पलटणीवर चालून गेले, आणि त्याच पलटणीच्या तोफेने पडले. पडद्यावर हे कसे दिसेल ते मला आत्ताच दिसते आहे. नदीकाठी सूर्यास्त, हातात हात, मागे सनई.

पण ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती ग्रँट डफकडून, म्हणजे एल्फिन्स्टनच्या हाताखाली वाढलेल्या माणसाकडून, १८२६ साली छापलेल्या ग्रंथातून. ती खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मोरोपंतांच्या शौर्याला त्यात उणेपणा आलेला नाही. तथापि ती सांगणारा जिंकलेल्या पक्षाचा आहे, आणि पगार पेशव्यांच्या नावाचा नि बंदूक पेशव्यांवर, या फोर्डच्या वर्तनावर या स्नेहकथेचे एक मऊ पांघरूण पडते. ते उचलून पाहण्याचा अधिकार प्रेक्षकाला असावा. त्यासाठी सूर्यास्ताच्या आधी डफच्या ग्रंथाचे ते पान, त्याचे नाव आणि त्याचे साल, एवढे पडद्यावर दहा पळे थांबले तरी चालेल.

फोर्डच्या त्या दापोडीतल्या ठिकाणी पुढे मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान झाले, आणि आवारात वनस्पतींची बाग. १८४७ नंतरच्या काही वर्षांत डॉ. अलेक्झांडर गिब्सनने तिथल्या रोपांची दीडशेहून अधिक चित्रे एका एतद्देशीय चित्रकाराकडून काढवून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आजही आहेत. पाने, फुले, मुळे, सगळे काही रंगांसकट ओळखू येते. प्रत्येक रोपट्याला लॅटिन नाव आहे. काढणाऱ्याचे नाव तेवढे कोणी लिहून ठेवले नाही.