ॲमस्टरडॅमची मेथाडोन बस

1972 च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये हेरॉइन शिरले आणि झेडाइकसारख्या जुन्या गल्ल्यांतून त्याचा उघड व्यापार सुरू झाला, तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रांचा भर पूर्ण व्यसनत्यागावर होता. जे ही अट पाळू शकत नसत, ते उपचारांपासूनच दूर राहत. ही दरी सांधण्यासाठी नगरपालिकेच्या आरोग्यखात्याने 1979 मध्ये मेथाडोन बस रस्त्यावर आणली. मेथाडोन हे अफूवर्गातील दीर्घकाळ टिकणारे औषध असून त्याच्या एका मात्रेने साधारण दिवसभर हेरॉइनची तलफ आणि अंगदुखी, घाम, जुलाब यांसारखा त्रास आवरता येतो. ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या वेळी बस येई, आणि रुग्णाने द्रवरूप औषध तिथेच, कर्मचाऱ्यांसमोर पिऊन टाकायचे, घरी न्यायचे नाही, असा नियम असे. मात्र नावनोंदणी आणि डॉक्टरांची भेट आवश्यक असली, तरी हेरॉइन पूर्ण सोडल्याचा पुरावा कोणी मागत नसे. आपल्या वस्तीत कायमचे केंद्र नको, हा रहिवाशांचा विरोधही फिरत्या वाहनामुळे बराच बोथट झाला, हे या योजनेचे मोठे व्यावहारिक शहाणपण होय.

पुढे शहराच्या मध्यभागातील एका औषधविक्रेत्याने व्यसनींना सुया विकणे थांबवले, तेव्हा कावीळ-ब पसरण्याच्या भीतीने व्यसनींच्याच हितरक्षक संघटनेने पुढाकार घेतला आणि 1984 मध्ये वापरलेल्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया देण्यास आरंभ झाला. एड्सविरोधी मोहिमांनी हीच पद्धत नंतर अनेक देशांत स्वीकारली. तिचे श्रेय प्रथम त्या व्यसनींच्या संघटनेलाच द्यावे लागते.