चौदा हँड, दोन इंच

मराठीतल्या इतिहासाच्या पुस्तकांत मुसलमान दिसतो तो बहुधा घोड्यावर बसलेला. घोडा विकणारा, त्याला नाल ठोकणारा, त्याचे दात पाहून वय सांगणारा मुसलमान तिथे फारसा भेटत नाही. आम्हाला इथे त्या घोड्याच्या सौदागराविषयी लिहायचे आहे. आणि त्याहीपेक्षा, त्याचा नफा-तोटा ठरवणाऱ्या दोन-तीन इंचांविषयी.

घोड्याचा भाव पूर्वी कसा ठरत असे, याच्या नोंदी आपल्याकडे आहेत. अल्लाउद्दीन खिलजीने बाजारभाव बांधून दिले, तेव्हा पहिल्या प्रतीच्या घोड्याला १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीच्या ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीच्या ६५ ते ७० आणि तट्टाला १० ते २५ टंके असा दर असल्याचे बरनी सांगतो. घोड्यांच्या दलालांवर सुलतानाचा विशेष राग होता, हेही तोच सांगतो. पुढे अकबराच्या काळात ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने घोड्यांचे सात वर्ग दिले: अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताझी आणि जंगला. हे वर्ग नसलीचे आहेत. घोडेस्वार उंची पाहत नव्हते असे नाही; डोळे सगळ्यांनाच असतात. पण सरकारी दफ्तरात घोड्याची किंमत लिहिली जाई ती त्याच्या जातीवरून.

इंग्रजांनी मापाची काठी आणली. त्यांचा ‘हँड’ म्हणजे चार इंच. आपला दीड फुटाचा हात नव्हे. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत हे माप घेतात. १४.२ म्हणजे चौदा हँड आणि दोन इंच, एकूण ५८ इंच. हा दशांश नव्हे, हे नव्या माणसाला दोनदा सांगावे लागते.

काठीमागे कारणही होते. गोरा स्वार, त्याचे खोगीर, हत्यारे, सामान मिळून शंभर किलोच्या पुढे वजन जाई. त्याला १५ हँडच्या आसपासचा भक्कम घोडा हवा होता आणि तो इथे पुरेसा मिळत नव्हता. १८०८ साली कंपनीने विल्यम मूरक्रॉफ्ट या पशुवैद्याला बंगालमधल्या आपल्या पैदास केंद्रावर नेमले. तो मोठ्या घोड्यांच्या शोधात लडाख, काश्मीर, काबूल करत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये वारला. उंच घोड्याचा प्रश्न अखेर ऑस्ट्रेलियाने सोडवला. न्यू साउथ वेल्समधून येणारा म्हणून तो ‘वेलर’. उंच, हाडापेराने मजबूत, पलटणीच्या मापात बसणारा.

इथेच मुंबईच्या अरब सौदागराची पंचाईत झाली. भेंडीबाजार आणि भायखळ्याकडचे अरबांचे तबेले एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध होते. बसरा, कुवेत, बुशहर इकडून घोडे जहाजाने येत. सौदा रुमालाखाली बोटे दाबून होई. बाजूला उभ्या असलेल्याला भाव कळत नसे. माल अव्वल, पण अरबी घोडा जातीनेच मध्यम. बहुतेकांची उंची १४ ते १५ हँडच्या दरम्यान. म्हणजे काठीच्या हिशेबात एक-दोन इंच कमीच.

पण त्या एक-दोन इंचांनी घोडा खरोखर कमी ठरतो का? लॉर्ड रॉबर्ट्सने १८७७ साली मुंबईत अब्दुल रहमान या सौदागराकडून एक पांढरा अरबी घोडा घेतला. नाव ठेवले व्होनोलेल. उंची जेमतेम १४.२. रॉबर्ट्स स्वतः ठेंगणा, त्यामुळे जोडी जमली. ऑगस्ट १८८० मध्ये काबूल ते कंदाहार या तीनशेहून अधिक मैलांच्या कूचात तो घोडा होता. व्हिक्टोरिया राणीने त्याला पदक दिले. १८९९ साली तो मेला. डब्लिनच्या किलमेनहॅममध्ये त्याची कबर आहे. अफगाणांवर चाल करून जाणाऱ्या सेनापतीला असा घोडा एका मुसलमान सौदागराने विकलेला असावा, हा योगायोग आम्हाला सुखाचा वाटत नाही. पण घोड्याचा त्यात दोष नाही, आणि सौदागराची पारख तर खरी ठरलीच.

काठीवर कमी भरणाऱ्या घोड्याला दुसरे गिऱ्हाईकही मिळाले, ते पोलोचे. मणिपूरच्या लहान तट्टांवरून हा खेळ इंग्रजांनी उचलला. इंग्लंडमध्ये १८७६ साली पोलोच्या घोड्याची कमाल उंची १४ हँड ठरली, पुढे ती १४.२ झाली, हिंदुस्थानात मर्यादा त्याहून खाली होती. त्यामुळे बाजारात एक गंमत झाली. मर्यादेत बसणारा चपळ घोडा पोलोवाले चढ्या भावाने नेत. तोच इंचभर जास्त निघाला तर पोलोतून बाद, आणि पलटणीला अपुरा! मग मापाआधी नाल काढणे, खूर तासणे हे आलेच. काही जण तर त्या उंचवट्यावर आधीपासून टोचून घोड्याला अशी सवय लावत, की काठी टेकताच तो अंग चोरून खाली दबेल. घोड्याला उंच दाखवायचे तर उलट: खूर वाढू द्यायचे आणि उभे करायचे ते जरा चढावर.

फेरविक्रीतही हेच. विलायतेला परतणारा साहेब घोडा विकायला काढी, तेव्हा किती तऱ्हेचे गिऱ्हाईक त्याला लागू शकते यावर किंमत ठरे. माप चुकलेल्या घोड्याला गिऱ्हाईक कमी, मग तो कितीही गुणी असो. पुढे १९१९ साली पोलोची उंचीची अटच उठली आणि मैदानात उंच घोडे आले. लहान घोड्याचे ते गिऱ्हाईकही हळूहळू गेले.

आपल्या दख्खनचे घोडे या हिशेबात आणखी खाली होते. भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा अंगाने लहान, पण थोड्या चाऱ्यावर मैलोन् मैल जाणारा. मराठ्यांच्या फौजा त्याच्यावर दौडल्या. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्यांत मुसलमानही होते. इंग्रजांनी ही शिलेदारी आपल्या देशी रिसाल्यांत चालू ठेवली आणि मुंबई इलाख्याच्या रिसाल्यांत दखनी मुसलमान भरती होत. शिलेदाराचा घोडा ही त्याची पुंजी होती. घोडा नापसंत झाला की पुंजी बुडाली. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धतच बंद झाली, पुढे रिसाल्यांत मोटारी आल्या. घोड्यावर जगणारी सालोत्री, नालबंद, चाबूकस्वार यांची घरे दुसऱ्या धंद्यांना लागली. मुंबईत उरल्या त्या व्हिक्टोरिया गाड्या. त्याही उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. ज्याला एके काळी तट्टू म्हणून हिणवले, त्या भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद व्हायला २०२४ उजाडावे लागले.

आजही दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. मुसलमान व्यापारी तिथे पुष्कळ असतात. लग्नाच्या वरातीचे, नाचाचे, हौसेचे घोडे येतात. लढाई नाही, पलटण नाही, शंभर किलोचा गोरा स्वारही नाही. तरी मारवाडी घोड्यापुढे थांबलेला माणूस नाव-गाव विचारण्याआधी विचारतो, किती इंच? चौसष्ट म्हटले की तो जवळ येतो. अठ्ठावन्न म्हटले की पुढच्या दावणीकडे वळतो.